'क्विक-विटेड' कुठे लिहायचं, कुठे नाही: मराठीतून इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

शिफारसपत्रं, नोकरीचे अर्ज, शाळेतले इंग्रजी निबंध, मराठीवरून इंग्रजीत केलेल्या बातम्या, यांतलं काहीही तपासायला घेतलं की एक चूक हटकून सापडते. हजरजबाबी, प्रसंगावधानी, चाणाक्ष, चलाख, तल्लख असे निरनिराळे शब्द मराठीत आपण अगदी अचूक वापरतो. इंग्रजीत जाताना मात्र त्या सगळ्यांच्या जागी हाताला लागेल ते विशेषण बसवतो. कुणी 'क्लेव्हर' लिहितं, कुणी 'स्मार्ट', कुणी 'कनिंग'. ज्यांना जरा भारदस्त लिहायचं असतं ते 'क्विक-विटेड' लिहितात, आणि नेमकं नको तिथे लिहितात.

मध्यंतरी एका शिक्षकांनी आपल्या लाडक्या विद्यार्थिनीसाठी लिहिलेलं शिफारसपत्र माझ्याकडे आलं. त्यात वाक्य होतं, 'शी इज अ व्हेरी कनिंग गर्ल.' त्यांच्या मनात होतं 'चतुर'. वाचणाऱ्याला कळलं असतं 'कावेबाज'. पत्र जायच्या आधी हे लक्षात आलं म्हणून निभावलं. चार वर्षं मेहनत केलेल्या मुलीचं एका विशेषणापायी नुकसान व्हायचं, ही साधी गोष्ट नाही. म्हणून हे सगळं टप्प्याटप्प्याने लिहितो आहे. मुख्य शब्द 'क्विक-विटेड', म्हणजे ढोबळमानाने हजरजबाबी, बाकीचे त्याचे शेजारी. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पाचव्या टप्प्यापासून सुरुवात केली तर व्याकरण बिनचूक आणि शब्द चुकीचा, असं होतं.

तयारी: लिहायला बसण्याआधी

तीन गोष्टी जवळ ठेवा.

पहिली, एक कोरा कागद. दुसरी, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिन्हींचे असे कोश आहेत आणि इंटरनेटवर फुकट पाहता येतात. या कोशांचा मोठा फायदा म्हणजे शब्दापुढे 'अप्रूव्हिंग' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' अशी खूण बऱ्याचदा दिलेली असते. शब्द कौतुकाचा की टीकेचा, हे त्या एका खुणेवरून कळतं. इंग्रजी-मराठी कोशात एका शब्दापुढे 'हुशार, चतुर, चलाख, धूर्त' अशी रांग लागलेली असते आणि त्यातला कुठला शब्द कधी घ्यायचा, हे तिथे सांगितलेलं नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: प्रत्यक्षात काय घडलं ते मराठीत लिहिलेलं एक वाक्य. 'ती हुशार आहे' हे वाक्य या कामाचं नाही. तिने काय केलं, ते हवं.

> खबरदारी: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1831, दुसरी आवृत्ती 1857) मराठी शब्द समजून घ्यायला आजही उत्तम आहे. पण त्यातलं इंग्रजी दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे. तिथून इंग्रजी विशेषण उचलून आजच्या अर्जात घालू नका. समानार्थी शब्दांच्या याद्यांचंही तसंच. यादीत 'क्विक-विटेड'च्या शेजारी 'श्रूड' दिसला, तरी तो त्याच्या जागी चालेलच असं नाही.

टप्पा 1: आधी मराठी शब्द पक्का करा

ही पायरी लोक वगळतात, आणि बहुतेक चुका इथेच होतात. मनात फक्त 'हुशार' असतो. 'हुशार' हा मराठीत फार मोठ्या पोटाचा शब्द आहे. पहिला आलेला मुलगा हुशार, भाव पाडून घेणारी बाई हुशार, आणि पाहुण्यांसमोर पटकन विषय बदलणारी सूनही हुशार. इंग्रजीत या तिघांना तीन वेगवेगळी विशेषणं लागतात. म्हणून 'हुशार' खोडा आणि त्याच्याहून नेमका मराठी शब्द लिहा.

*हजरजबाबी.* कुणी काही बोललं आणि तिथल्या तिथे चपखल उत्तर आलं. बिरबलाच्या गोष्टीतला बिरबल असा. 'क्विक-विटेड'ची ही हक्काची जागा.

*प्रसंगावधानी, समयसूचक.* अचानक काही घडलं आणि माणसाने डोकं शाबूत ठेवून योग्य ती कृती केली. इथे 'क्विक-विटेड' चुकीचा नाही, पण त्याहून चांगले पर्याय आहेत. ते तिसऱ्या टप्प्यात येतील.

*तल्लख, कुशाग्र.* बुद्धीची धार. गणित पटकन सुटतं, वाचलेलं चटकन कळतं. यासाठी 'शार्प', 'ब्राइट', 'इंटेलिजंट'. 'क्विक-विटेड अॅट मॅथ्स' असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. 'क्विक अॅट मॅथ्स' म्हणतात.

*चाणाक्ष, धोरणी.* समोरच्याचा डाव ओळखणारा, चार पावलं पुढचं पाहणारा. 'अस्ट्यूट' किंवा 'श्रूड'. यात वेगापेक्षा पारख मोठी.

*चुणचुणीत, तरतरीत.* लहान मुलांसाठी. 'ब्राइट', 'लाइव्हली', 'अलर्ट'. सहा वर्षांच्या मुलीला 'श्रूड' म्हणालात तर वाचणारा दचकेल.

*बेरकी.* मराठीत यात निम्मं कौतुक आणि निम्मी धास्ती असते. अमेरिकन इंग्रजीतला 'स्ट्रीट-स्मार्ट' आणि ब्रिटिश इंग्रजीतला 'स्ट्रीटवाइज' कौतुकाची बाजू घेतात. धास्तीची बाजू सांगायची असेल तर 'वायली'.

*धूर्त, कावेबाज, लबाड.* 'कनिंग', 'क्राफ्टी', 'स्लाय'. निंदा करायची असेल तेव्हाच.

*दीडशहाणा, अतिशहाणा.* ब्रिटिश बोलीत 'क्लेव्हर क्लॉग्ज', अमेरिकेत 'स्मार्ट अॅलेक', आणि जरा सभ्य शब्दांत 'टू क्लेव्हर बाय हाफ'. आपल्याकडे दीड म्हणजे अर्ध्याने जास्त, आणि त्यांच्याकडेही जादा आहे तो अर्धाच. एवढं जुळणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

> तपासणी: कागदावर 'हुशार' अजून तसाच असेल तर पुढे जाऊ नका. नेमका शब्द सुचत नसेल, तर त्या माणसाने काय केलं हेच तुम्हाला पुरेसं माहीत नाही. आधी ते विचारून घ्या.

टप्पा 2: किती वेळ मिळाला होता ते पाहा

'क्विक-विटेड'मधला 'क्विक' शोभेसाठी नाही. विचार करायला वेळच नव्हता आणि तरीही डोकं चाललं, हे त्या शब्दाचं सगळं मर्म. म्हणून विचारा: प्रसंग समोर आला तिथपासून माणसाने उत्तर दिलं किंवा पाऊल उचललं तिथपर्यंत किती वेळ गेला? काही सेकंद, फार तर एखाददोन मिनिटं, तर शब्द शोभतो. रात्रभर विचार करून सकाळी योजना सांगितली, तर ती कितीही बुद्धिमान असली तरी हा शब्द नाही.

शाळेतल्या निबंधांत या टप्प्यावर एक चूक नेहमी होते. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेबद्दल मुलं लिहितात, 'शिवाजी महाराज वॉज क्विक-विटेड', आणि काही जण तर 'कनिंग' लिहितात. महाराज 1666 च्या मे महिन्यात आग्र्याला पोचले आणि ऑगस्टमध्ये निसटले. मधल्या काळात आजारपणाची बतावणी झाली, मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ लागले, पहारेकऱ्यांना त्याची सवय होऊन तपासणी ढिली पडली. हे सगळं थंड डोक्याने आणि धीराने आखलेलं होतं. इथे माणसासाठी 'रिसोर्सफुल' (अडचणीतून वाट काढणारा) आणि 'अस्ट्यूट', आणि बेतासाठी 'इंजीनियस'. 'क्विक-विटेड' म्हटलं की त्या आखणीचं श्रेय नकळत पुसलं जातं. 'कनिंग' म्हटलं की आदर पुसला जातो. मुलांच्या मनात यातलं काहीच नसतं, म्हणून ही दुरुस्ती शिक्षकांनी आवर्जून करावी.

> खबरदारी: 'इंजीनियस' आणि 'इंजेन्युअस' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याच्या शेवटाकडे आय-ओ-यू-एस, दुसऱ्याच्या शेवटाकडे यू-ओ-यू-एस. पहिल्याचा अर्थ कल्पक, दुसऱ्याचा भाबडा. एका अक्षराने कल्पक माणूस भोळा ठरतो, आणि स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर ही चूक पकडेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

टप्पा 3: जीभ चालली की हात?

आता सगळ्यांत बारीक फरक. इथे घाई करू नका.

इंग्रजीत 'विट' एकवचनी असतो तेव्हा बहुतेकदा बोलण्यातली चमक सांगतो. 'शी हॅज अ क्विक विट' म्हणजे तिचं उत्तर चटकन आणि खुसखुशीत येतं. तोच शब्द अनेकवचनी झाला, 'विट्स', की अर्थ भान, अवधान याकडे सरकतो. 'कीप युवर विट्स अबाउट यू' म्हणजे भानावर राहा. 'हिज क्विक विट्स सेव्ह्ड हिम' म्हणजे प्रसंगावधानाने तो वाचला. एका 'एस'मुळे हजरजबाबीपणाचं प्रसंगावधान होतं.

'क्विक-विटेड' या विशेषणात दोन्ही अर्थ मावतात, पण आजच्या वापरात त्याचा कल बोलण्याकडे जास्त आहे. म्हणून मी अशी वाटणी करतो आणि तुम्हीही करा: जीभ चालली असेल तर 'क्विक-विटेड', हात चालले असतील तर 'क्विक-थिंकिंग'.

जिभेचं उदाहरण. आमच्या मंडईत एक भाजीवाल्या मावशी बसतात. एक गिऱ्हाईक मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणालं, 'मावशी, कालची दिसतेय.' मावशींनी पाण्याचा शिपका मारता मारता मान वर न करता सांगितलं, 'कालची असती तर काल संपली नसती का?' गिऱ्हाइकाने जुडी पिशवीत टाकली. या मावशी 'क्विक-विटेड'. त्यांचं उत्तरही 'क्विक-विटेड', कारण हा शब्द माणसाला लागतो तसा उत्तराला, प्रतिक्रियेलाही लागतो. यंत्राला, योजनेला किंवा पुस्तकाला लावू नका.

हातांची उदाहरणं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या जागेवरून हलले नाहीत. गोळीबाराच्या बाजूला जाऊ नका, दुसऱ्या बाजूने बाहेर पडा, असं ते लोकलच्या प्रवाशांना माइकवरून सांगत राहिले. त्यांनी केलं ते बोलूनच, पण त्यात उत्तर-प्रत्युत्तर नव्हतं, ती कृती होती. त्यांना 'क्विक-थिंकिंग अनाउन्सर' म्हणावं. 'क्विक-विटेड अनाउन्सर' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्यांनी माइकवरून काही चटकदार विधान केलं. त्या रात्रीच्या गांभीर्याला ते अजिबात शोभत नाही. दुसरं उदाहरण 15 जानेवारी 2009 चं. न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांचा थवा धडकून विमानाची दोन्ही इंजिनं निकामी झाली आणि कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं. हाताशी होती जेमतेम साडेतीन मिनिटं. विमानातले 155 जण वाचले. तिथेही 'क्विक-थिंकिंग'.

आपल्या वर्तमानपत्रांत 'मोटरमनच्या प्रसंगावधानाने प्रवाशाचे प्राण वाचले' असा मथळा वरचेवर येतो. त्याचं इंग्रजी करताना 'क्विक-थिंकिंग मोटरमन' किंवा 'अलर्ट मोटरमन' लिहा.

प्रसंगावधानासाठी 'प्रेझेन्स ऑफ माइंड' हा शब्दप्रयोग सगळ्यांना माहीत असतो, पण बांधणी चुकते. 'ही यूज्ड हिज प्रेझेन्स ऑफ माइंड' असं आपल्याकडे सर्रास लिहितात. रूढ बांधणी अशी: 'ही हॅड द प्रेझेन्स ऑफ माइंड टू पुल द चेन.' 'हॅड', मग 'द', आणि शेवटी 'टू' लावून नेमकी कृती. ही बांधणी मला विशेष आवडते, कारण ती लिहिणाऱ्याला कृती सांगायलाच लावते.

आणखी एक गल्लत 'विटी'ची. 'विटी' म्हणजे विनोदबुद्धीचा, गमतीदार. घरी सावकाश बसून खुमासदार लेख लिहिणारा लेखक 'विटी' असू शकतो. त्याला भर सभेत कुणी टोकलं आणि तो गडबडला, तर तो 'क्विक-विटेड' नाही. उलटही होतं: उत्तर पटकन येतं, पण त्यात हसण्यासारखं काही नसतं. आचार्य अत्र्यांसारख्या सभा जिंकणाऱ्या वक्त्याला मात्र दोन्ही शब्द बिनधास्त लावावेत.

> तपासणी: वाक्यात 'क्विक-विटेड'च्या जागी 'हजरजबाबी' ठेवून मराठीत वाचा. कानाला खटकलं तर इंग्रजीतही शब्द बदला.

टप्पा 4: शब्दाची चव पाहा

अर्थ बरोबर असूनही शब्द कडू लागू शकतो. शेजारच्या शब्दांबद्दल थोडक्यात.

'कनिंग': योजनेला लावला तर कधीकधी कौतुकाचा, माणसाला लावला तर संशयाचा. शिफारसपत्रात कधीही नको.

'श्रूड': कौतुकच आहे, पण व्यवहारातलं, थोडं थंड. 'श्रूड इन्व्हेस्टर' शोभतं. 'माय श्रूड मदर' लिहिलं तर आईच्या मायेपेक्षा हिशेबच पुढे येतो.

'क्लेव्हर': हा शब्द वरून साधा दिसतो, म्हणूनच फसवतो. लहान मुलाला, युक्तीला, उपकरणाला छान. मोठ्या माणसाला लावला तर ब्रिटिश कानाला त्यात कधीकधी 'हुशार आहे, पण...' असा सूर ऐकू येतो.

'स्मार्ट': इथे तीन देशांचं तीन तऱ्हेचं आहे. अमेरिकेत मुख्यतः बुद्धिमान. ब्रिटनमध्ये बुद्धिमान चालतं, पण नीटनेटका, टापटीप पोशाखाचा हा अर्थ तिथे फार रुळलेला. आपल्याकडे 'आज स्मार्ट दिसतोस' म्हणजे देखणा, आणि लग्नाच्या जाहिरातीतला 'स्मार्ट'ही तोच. पत्र कुठल्या देशात जाणार, ते आधी पाहा. आणि अमेरिकेत 'डोन्ट गेट स्मार्ट विथ मी' असं कुणी म्हणालं, तर ते उद्धटपणाबद्दल सुनावत आहेत, हेही ध्यानात असू द्या.

'शार्प': बुद्धीला लावला तर चांगला. 'शार्प-टंग्ड' म्हणजे फटकळ, आणि 'शार्प प्रॅक्टिस' म्हणजे कायद्याच्या कडेकडेने केलेला लबाडीचा व्यवहार.

'क्विक-टेम्पर्ड': आवाजाने 'क्विक-विटेड'चा भाऊ वाटतो, पण अर्थ शीघ्रकोपी. एका अर्जात मी तो स्वतःच्या गुणांच्या यादीत वाचला आहे. त्या मुलाला 'चटकन निर्णय घेणारा' म्हणायचं होतं.

> खबरदारी: 'स्लो-विटेड', 'डिम-विटेड', 'हाफ-विटेड' हे उलट अर्थाचे शब्द सरळसरळ अपमानाचे आहेत. मुलांच्या प्रगतिपत्रकात यांतला एकही येता कामा नये. 'नीड्स मोअर टाइम टू रिस्पॉन्ड' एवढं पुरतं, आणि ते जास्त खरंही असतं.

टप्पा 5: वाक्यात बसवा

शब्द ठरला, आता बांधणी.

*जोडरेघ.* 'क्विक' आणि 'विटेड' यांच्या मधली आडवी रेघ कायम. नामाआधी आला तरी, वाक्याच्या शेवटी आला तरी. 'अ क्विक-विटेड गर्ल', 'द गर्ल इज क्विक-विटेड'. 'विटेड'मध्ये टी दोन.

'क्विक थिंकिंग'चं मात्र तसं नाही. ते विशेषण असेल तेव्हा जोडरेघ: 'अ क्विक-थिंकिंग ड्रायव्हर'. नाम असेल तेव्हा रेघ नाही: 'हर क्विक थिंकिंग सेव्ह्ड द चाइल्ड'. या दोन वाक्यांत रेघांची अदलाबदल झालेली मी आठवड्यातून दोनदा तरी पाहतो.

*'फास्ट-विटेड' नाही.* आपल्याला 'फास्ट' आणि 'क्विक' सारखेच वाटतात, पण ही जोडी रूढ नाही. 'शार्प-विटेड' चालतो.

*तुलना.* 'मोअर क्विक-विटेड' लिहा. 'क्विकर-विटेड' हे रूपही दिसतं, पण पहिलं बिनधोक आहे.

*'व्हेरी'चा मोह.* 'व्हेरी क्विक-विटेड' व्याकरणाने चूक नाही. पण वेग शब्दातच आहे, वर 'व्हेरी' घालून तो वाढत नाही. खोडा.

*कृतीला जोडायचं असेल तर* 'इट वॉज क्विक-विटेड ऑफ हर टू चेंज द सब्जेक्ट' अशी रचना होते. 'ऑफ हर' हवं. मराठीतल्या 'तिच्यासाठी'मुळे हात 'फॉर हर'कडे जातो, तो आवरा.

टप्पा 6: विशेषणाला पुरावा जोडा

इथपर्यंत सगळं बरोबर केलं आणि वाक्य 'शी इज हार्डवर्किंग, सिन्सिअर, क्विक-विटेड अँड पंक्च्युअल' असं लिहिलं, तर सगळी मेहनत वाया गेली. चार विशेषणांची माळ वाचताना परीक्षकाची नजर घसरत जाते. 'क्विक-विटेड' हा क्षणाचा शब्द आहे, तो क्षण दाखवल्याशिवाय वाचणारा विश्वास ठेवत नाही.

नियम असा ठेवा: ज्या वाक्यात हा शब्द, त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात प्रसंग. कुठे, कुणी काय विचारलं, तिने काय केलं. तीन गोष्टी, पंचवीस-तीस शब्दांत. वादविवाद स्पर्धेत अचानक प्रश्न आला, तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी अडवलं, प्रात्यक्षिक चालू असताना वीज गेली, असं काहीही. प्रसंग मुलीलाच विचारा, तिला दोन-तीन तरी आठवतात.

प्रसंग लिहिल्यावर एकदा विशेषण झाकून वाचा. प्रसंग एकटाच बोलत असेल तर विशेषण काढून टाकलं तरी चालतं. मी निम्म्या वेळा काढतो.

टप्पा 7: उच्चार

मुलाखतीत किंवा सूत्रसंचालनात हा शब्द म्हणायचा असेल तर तीन गोष्टी.

'डब्ल्यू'साठी वरचे दात खालच्या ओठाला लागता कामा नयेत. ओठ गोल करून आधी 'ऊ' म्हणा आणि तिथूनच झटकन 'इट' वर या: 'ऊ-इट'. हळूहळू वेग वाढवा, 'विट' आपोआप नीट येतो. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात.

शेवटचं 'ईडी' इथे 'इड' असं सुटं ऐकू येतं, कारण त्याआधी 'टी' आहे. 'विटिड'. 'विट्ड' असं गिळू नका.

आघात: वाक्याच्या शेवटी असेल तर जोर 'विट'वर. नामाआधी असेल तर जोर 'क्विक'कडे सरकतो. 'शी इज क्विक-*विटेड*', पण 'अ *क्विक*-विटेड रिप्लाय'.

कुठल्या लिखाणात चालतो

स्वतःच्या बायोडेटात नको. स्वतःला हजरजबाबी म्हणवून घेणं मराठीत शोभत नाही, इंग्रजीतही नाही. शिफारसपत्रात चालतो, पण अभ्यासक्रम पाहून. कायदा, पत्रकारिता, व्यवस्थापन यांसाठी छान. संशोधनाच्या जागेसाठी 'परसेप्टिव्ह' (बारकावे टिपणारा) किंवा 'इन्सायसिव्ह' (नेमक्या मर्मावर बोट ठेवणारा) जास्त कामाचे, कारण तिथे सेकंदांत उत्तर देणारा माणूस नको असतो. पाहुण्यांच्या परिचयात उत्तम. शोकसंदेशात जपून, नातेवाईक काय म्हणतात ते ऐकून.

एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नववीतल्या एका मुलीने 'माय ग्रँडमदर' या निबंधात लिहिलं होतं, 'माय ग्रँडमदर इज व्हेरी क्लेव्हर.' मी तिला विचारलं, आजीने केलं काय? ती मराठीत सांगू लागली. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. आईने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. आजीने तिचा हात धरला, अंधारातच रेग्युलेटर बंद केला, मग खिडक्या उघडल्या.

पहिला टप्पा: 'हुशार' खोडून 'प्रसंगावधानी'. दुसरा: किती वेळ? 'सर, दहा सेकंदसुद्धा नाही.' तिसरा: जीभ की हात? हात. म्हणजे 'क्विक-विटेड' बाद, 'क्विक-थिंकिंग' किंवा 'प्रेझेन्स ऑफ माइंड'. चौथ्या टप्प्यात 'क्लेव्हर'ची चव पाहिली. सत्तरीच्या आजीसाठी तो शब्द तिलाच हलका वाटला. पाचव्या आणि सहाव्या टप्प्याला तिने वाक्य स्वतःच लिहिलं:

'माय ग्रँडमदर हॅड द प्रेझेन्स ऑफ माइंड टू टर्न ऑफ द गॅस बिफोर एनीवन टच्ड अ स्विच.'

मग तिने विचारलं, 'मग क्विक-विटेड कुठे लिहू?' मी विचारलं, त्यानंतर आजी काही बोलली का? बोलली होती. आई म्हणाली, 'आई, अंधारात तुम्हाला रेग्युलेटर दिसला कसा?' आजी म्हणाली, 'चाळीस वर्षं ओळख आहे, चेहरा कशाला पाहायला हवा?'

मुलीने पुढची ओळ लिहिली, आणि जोडरेघही विसरली नाही.